टीटीची साठ हजारी सर्व्हिस: डीलरचं एस्टिमेट आणि माझे सहा शनिवार

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५ (वेळ २ तास)

दिवाळीचा फराळ संपला आणि डॅशबोर्डवर पाना उगवला. सर्व्हिसला ६०० किलोमीटर बाकी. ओडोमीटर ५९,४००. गाडी ऑडी टीटी, ४५ टीएफएसआय क्वाट्रो, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांना ताकद, २०१६ची. मी तिसरा मालक. वॉरंटी केव्हाच संपलेली, त्यामुळे "वॉरंटी जाईल" ही भीती नाही. ज्यांच्या गाडीला ती शिल्लक आहे त्यांनी पुढचं नुसतं करमणूक म्हणून वाचावं.

ही गाडी २०१५ साली भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत साठ लाखांच्या वर होती. माझ्या दारात येईपर्यंत ती एखाद्या बऱ्या सेडानच्या भावात उतरली. सर्व्हिसच्या बिलाला मात्र गाडी जुनी झाल्याचं कुणी कळवलेलं नाही. तेल तेवढंच लागतं, प्लग तेच, आणि लेबर दरवर्षी थोडं वरच. सेकंड हँड स्पोर्ट्स कार घेताना हप्त्याचं गणित सगळे मांडतात. हे दुसरं गणित मीही मांडलं नव्हतं.

आज डीलरकडे जाऊन लेखी एस्टिमेट घेतलं. साठ हजार किलोमीटरची सर्व्हिस मोठी असते, कारण बऱ्याच गोष्टी एकदम देय होतात. इंजिन ऑइल ६ लिटर १०,८००, ऑइल फिल्टर १,६५०, ड्रेन प्लग (तेल काढायच्या भोकाचं बूच) ४२०, एअर फिल्टर ४,९००, केबिन फिल्टर ४,३५०, चार स्पार्क प्लग ९,८००, गिअरबॉक्सचं तेल १५,६०० आणि त्याचा फिल्टर २,९००, हॅल्डेक्सचं (मागच्या चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या क्लचचं) तेल ५,८००, ब्रेक ऑइल १,९००. लेबर २१,६००. शिवाय खाली एसी क्लीनिंग, थ्रॉटल क्लीनिंग, इंजिन बे पॉलिश, अलाइनमेंट-बॅलन्सिंग मिळून १५,३००. जीएसटीसकट आकडा १,१२,१२४.

सर्व्हिस ॲडव्हायजर पोरगा भला होता. मी शेवटच्या चार ओळींवर बोट ठेवलं तर म्हणाला, "सर, ते रेकमेंडेड आहे, कम्पल्सरी नाही. काढू का?" काढा म्हटलं. एका मिनिटात आकडा ९४,०७० वर आला. हे विचारायचं असतं एवढंच मला मागच्या वर्षी माहीत नव्हतं. मागच्या बिलात सुट्या भागांना २८ टक्के जीएसटी लागलेला दिसतोय; २२ सप्टेंबरपासून तो सगळ्या भागांना १८ झालाय. तेवढा दिलासा सरकारकडून.

घरी येऊन मॅन्युअल आणि एस्टिमेट शेजारी ठेवून ओळीओळीने पाहिलं. फालतू असं काहीच नव्हतं. तरी २१,६०० लेबर डोळ्यात सलत राहिलं. ठरवलं की आपण करायचं. जे जमणार नाही ते डीलरकडे. नोंदी अशासाठी की उद्या कुणी हेच करायला निघालं तर माझे गेलेले पैसे त्याचे जाऊ नयेत.

शनिवार, ८ नोव्हेंबर (वेळ ३ तास)

पुण्याची नाना पेठ, गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. तेल ऑनलाइन मागवलं होतं, ५ लिटरचा डबा आणि एक सुटा, ७,३५० ला. डब्यावर व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन, ऑडीची मूळ कंपनी) ५०२ ०० किंवा ५०४ ०० हा नंबर छापलेला हवा. "फुल्ली सिंथेटिक" या शब्दांना काही अर्थ नाही. फिल्टर मात्र हातात घेऊन बघायचा म्हणून पेठेत गेलो.

पहिल्या दुकानात विचारलं. "टीटी ना? दोन लिटर पेट्रोल? हाच." ७६० रुपये. मी पैसे दिले, पाकीट तिथेच फाडलं, आणि बाहेर पायरीवर बसून मोबाइलमधल्या फोटोशी ताडून पाहिलं. हातात होता तो पत्र्याचा डबा, आट्यांवर फिरवून बसवायचा. माझ्या इंजिनात वरून प्लॅस्टिकचं टोपण उघडून आत कागदी काडतूस बसतं. परत आत गेलो. काउंटरमागे पाटी: "उघडलेला माल परत घेतला जाणार नाही." दुकानदाराची चूक म्हणवत नाही. आधीच्या पिढीच्या दोन लिटर इंजिनाला तो डबाच लागतो, आणि मी पिढी सांगितलीच नव्हती.

दोन दुकानं सोडून पुढच्या काउंटरवर पांढऱ्या केसांचे एक काका बसले होते. त्यांनी गाडीचं नाव ऐकूनच घेतलं नाही. "आरसी आणलीय? चासी नंबर वाचा." मग एका जुन्या कॉम्प्युटरवर तो टाकला आणि ०६एल ११५ ५६२ नंबरचा फिल्टर काढून दिला. ९८० रुपये. जर्मन गाडीचा कुठलाही भाग मॉडेलच्या नावावर मागू नका. चासी नंबर, नाहीतर पार्ट नंबर.

एअर फिल्टर (२,९००), केबिन फिल्टर (२,२५०) आणि चार प्लग (६,६००) त्याच काकांकडून. "ड्रेन प्लग पण घेऊन ठेवा, प्लॅस्टिकचा आहे तुमचा," असं ते म्हणाले. स्टॉकमध्ये नव्हता, मागवावा लागला असता. मी म्हटलं, आहे तो चालेल. हे वाक्य लक्षात ठेवा.

रविवार, ९ नोव्हेंबर (वेळ ६ तास)

इंजिन ऑइल. गाडी कोथरूडला सोसायटीच्या बेसमेंटमध्ये. पहिलं विघ्न जॅकचं. ट्रॉली जॅक आणि दोन स्टँड मिळून ६,८०० घालवले होते, आणि जॅक पुढच्या बंपरखाली जाईना. स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीला लागतं हे स्पीडब्रेकरवर रोज कळतं, पण जॅक विकत घेताना आठवत नाही. भवानी पेठेतून ७०० रुपयांच्या दोन जाड फळ्या आणल्या, एका बाजूने उताराच्या कापून घेतल्या. पुढची चाकं त्यांवर चढवली तेव्हा जॅक आत शिरला. यात दीड तास.

खालचं कव्हर टी-२५ च्या (चांदणीच्या आकाराच्या खाचेच्या) स्क्रूंनी धरलेलं आहे. एकाचं डोकं आधीच कुणीतरी गुळगुळीत करून ठेवलेलं. रबरबँडचा तुकडा मध्ये ठेवून फिरवल्यावर निघाला.

क्रम असा ठेवा: आधी वरून फिल्टरचं टोपण ३२ च्या बॉक्स पान्याने थोडं सैल करायचं आणि थांबायचं, म्हणजे तिथलं तेल खाली चेंबरमध्ये उतरतं. मग खालून ड्रेन. उलटं केलंत तर फिल्टर उचलताना तेल बेल्टच्या बाजूला सांडतं. टोपण परत लावताना २५ न्यूटन मीटर (किती जोराने घट्ट करायचं त्याचं माप, टॉर्क रेंचवर दिसतं), ते टोपणावरच कोरलेलं आहे. ओ-रिंग (गळती अडवणारी रबराची रिंग) नवीन, तिला तेलाचा हात फिरवून.

ड्रेन प्लग माझ्या गाडीत प्लॅस्टिकचा आहे, पाव वळसा दिला की सुटतो. जुनाच पुसून परत बसवला. ५.७ लिटर भरलं. इंजिन चालू करून पाच मिनिटं खाली बघत बसलो, थेंब नाही. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं यंत्र) लावून डॅशबोर्डवरचा सर्व्हिसचा पाना घालवला. वरच्या मजल्यावरचे काका फिरायला निघाले होते, वाकून म्हणाले, "अहो, ड्रायव्हर खाली आणि गाडी वर? काय झालं?"

सोमवार, १० ते गुरुवार, १३ नोव्हेंबर (वेळ २ तास, दंड ५००)

सोमवारी रात्री सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला: माझ्या पार्किंगमध्ये पोळीएवढा तेलाचा डाग. खाली सेक्रेटरींचा मजकूर, "संबंधितांनी नोंद घ्यावी." संबंधित मीच. ५०० रुपये स्वच्छता शुल्क भरलं.

ड्रेन प्लगच्या ओ-रिंगने एकदा दाब खाल्ला की ती पुन्हा बसत नाही, म्हणून तो दर वेळी बदलायचा असतो. नवा मागवला, कुरिअरसकट ४३०. गुरुवारी आला तोपर्यंत गाडी ट्रेवर उभी.

आता प्लग बदलायचा म्हणजे तेल पुन्हा काढायचं. तेल जेमतेम वीस किलोमीटर चाललेलं, फेकवेना. स्वच्छ भांडं हवं होतं. घरातली परात मागितली तर बायकोने नुसतं बघितलं. शेवटी नवं प्लॅस्टिकचं घमेलं आणलं, तेल त्यात काढलं, प्लग बदलला, तेच तेल गाळून परत भरलं. यापुढे थेंब नाही. ३१० चा प्लग आणि १२० चं कुरिअर वाचवायला गेलो, त्यात दोन तास आणि सोसायटीतली पत गेली.

शनिवार, १५ नोव्हेंबर (वेळ ३ तास)

एअर फिल्टर, केबिन फिल्टर, स्पार्क प्लग. यात लिहिण्यासारखं थोडंच.

केबिन फिल्टर ग्लोव्हबॉक्सखाली. निघाला तो मातकट, त्यात पिंपळाची दोन पानं आणि चांदणी चौकाची धूळ. एस्टिमेटमधली सगळ्यात महागात पडणारी सोपी गोष्ट हीच. दहा मिनिटांचं काम, हत्यार जवळजवळ लागत नाही. ज्यांना बाकी काही करायचं नाही त्यांनी निदान एवढं आणि एअर फिल्टर स्वतः बदलावेत.

प्लग गार इंजिनावर. पातळ भिंतीचा १६ चा बॉक्स पाना लागतो (६५०), साधा आत जात नाही. तिसऱ्या कॉइलच्या (प्लगला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) कनेक्टरची पकड वयाने ठिसूळ झालेली, हातात तुटली. कनेक्टर नीट बसला नाही हे कळलं नाही. चालू केल्यावर इंजिन तीन पायांच्या खुर्चीसारखं डुगडुगायला लागलं आणि ईपीसीचा, म्हणजे इंजिनाच्या बिघाडाचा, दिवा लागला. कनेक्टर दाबून बसवला, छोट्या झिप टायने बांधला, स्कॅनरने बिघाडाचा कोड पुसला. शांत.

जुने प्लग चौघेही सारख्याच फिक्या विटकरी रंगाचे होते. इंजिनाबद्दल आतापर्यंत मिळालेली पहिली चांगली बातमी.

शनिवार, २२ नोव्हेंबर (वेळ ८ तास, लिफ्टचं भाडं ३,०००)

गिअरबॉक्स. ही नोंद लांब आहे, कारण चुका लांब आहेत.

गाडीत सहा गिअरचा ओला ड्युअल क्लच आहे. त्याच्या क्लच प्लेट तेलात बुडालेल्या असतात, म्हणून तेल आणि फिल्टर दर ६०,००० ला बदलायचे. तेल ६ लिटर (११,४००) आणि फिल्टर (१,७५०) आणलेला. गाडी अगदी सपाट हवी आणि खालून काम, त्यामुळे बेसमेंटचा नाद सोडला. धायरीत एक गॅरेज आहे, तिथे टेम्पो आणि पिकअपची कामं चालतात. दोन खांबी लिफ्ट अर्ध्या दिवसाला १,५०० ने मिळाली. मला वाटलं अर्धा दिवस पुष्कळ.

चूक पहिली. कोथरूडहून धायरीला गाडी चालवत आलो आणि लगेच लिफ्टवर घेतली. गरम तेल लवकर उतरतं हे इंजिनाचं ज्ञान इथे लावलं. १४ च्या एलन कीने ड्रेन प्लग सोडला तो मनगटावरून तेल आलं. फोड आला. हातमोजे गाडीच्या डिकीत होते.

चूक दुसरी. तेल आलं, थांबलं. ट्रेमध्ये जेमतेम लिटरभर. मी समाधानाने प्लग पुसत होतो तर गॅरेजवाला येऊन ट्रेकडे बघून म्हणाला, "एवढंच? साहेब, छोट्या हत्तीत यापेक्षा जास्त निघतं." बरोबरच होतं. ड्रेन प्लगच्या आत प्लॅस्टिकची एक उभी नळी असते, पातळी ठरवणारी. तिच्या उंचीच्या वरचं तेल तेवढं आपोआप येतं. ती नळी ८ च्या एलन कीने सोडली की बाकीचं खरं तेल उतरतं. काळसर, जळक्या वासाचं नाही, पण ट्रेच्या तळाशी चंदेरी झाक होती. नळी परत लावताना ३ न्यूटन मीटर, म्हणजे बोटाने घट्ट एवढंच; जोर लावलात तर प्लॅस्टिक फाटतं.

फिल्टर वर आहे, एअर फिल्टरचा डबा काढल्यावर दिसतो. २४ चा पाना, २० न्यूटन मीटर. जुना ज्या बाजूने बसला होता त्याचा फोटो काढून ठेवा, दोन्ही टोकं सारखी नसतात.

भरण्यासाठी खालच्या भोकात बसणारा ॲडॉप्टर आणि हातपंप (दोन्ही मिळून १,६००). ५.५ लिटर आत ढकललं. आता पातळी. इंजिन चालू, पाय ब्रेकवर, प्रत्येक गिअरमधून हळूच फिरून यायचं, आणि स्कॅनरवर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान बघत राहायचं. ३५ ते ४५ अंश या खिडकीत असताना खालून प्लग काढायचा. नळीतून जास्तीचं तेल धारेने येतं, धार तुटून थेंब पडायला लागले की प्लग लावायचा.

चूक तिसरी. ३३ अंशाला ऑफिसचा फोन आला. बोलून खाली वाकेपर्यंत ४७. तरी प्लग काढला, म्हटलं दोन अंशाने काय होतं. तेल गरम झालं की फुगतं. जितकं गरम तितकं जास्त सांडतं, आणि गार झाल्यावर आत कमी पडतं. धार थांबेचना तेव्हा घाबरून प्लग लावला. आता आत नक्की किती आहे ते कळायला मार्ग नाही. गाडी बंद करून गार व्हायची वाट बघायची. दोन तास. मधल्या वेळात गॅरेजवाल्याने चहा पाजला आणि त्याच्या एका पिकअपचं चाक मी धरून उभा राहिलो.

तोपर्यंत अर्धा दिवस संपला, म्हणून दुसऱ्या अर्ध्या दिवसाचं भाडं. पुन्हा चारशे मिली आत ढकललं, पुन्हा चालू, या वेळी फोन गॅरेजवाल्याच्या खिशात. ३९ ला प्लग काढला, पावशेरभर तेल आलं, मग थेंब. नवा वॉशर, ४५ न्यूटन मीटर. परत येताना सिंहगड रोडच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला जुना धक्का जाणवला नाही. आठ तासांनंतर मला काहीही बरंच वाटलं असतं, हेही खरं.

काढलेलं सगळं तेल, इंजिनाचं आणि हे, गॅरेजच्या ड्रममध्ये ओतलं. त्यांचा ड्रम रिसायकलिंगवाले घेऊन जातात. नाल्यात किंवा कचऱ्याच्या गाडीत ते टाकू नका, कितीही कंटाळा आला तरी.

शनिवार, २९ नोव्हेंबर (वेळ ५ तास, भाडं १,५००)

हॅल्डेक्स. मागच्या चाकांना ताकद पोहोचवणारा हा क्लचचा डबा, मागच्या डिफरेन्शियलपाशी बसलेला. शेड्यूलमध्ये याच्यासाठी एकच काम आहे: दर तीन वर्षांनी तेल. एस्टिमेटमध्येही तेवढंच होतं.

अडचण अशी की या पाचव्या पिढीत आधीच्यासारखा बदलता येणारा फिल्टर नाही. आत एक छोटा विजेचा पंप आहे आणि त्याच्या तोंडाशी बारीक जाळी. क्लच प्लेटची झीज तेलात मिसळते आणि त्या जाळीवर जाऊन बसते. नुसतं तेल बदललं तर जाळीवरचा थर तसाच. जाळी तुंबत गेली की पंप जोर लावतो, एक दिवस जळतो, आणि गाडी गुपचूप पुढच्या चाकांची होऊन बसते. ॲडव्हायजरला फोन करून विचारलं, पंप काढून जाळी साफ करता का? "करता येतं सर, पण ते शेड्यूलमध्ये नाही, लेबर वेगळं लागेल." सरळ उत्तर. नव्या पंपाचा भावही विचारला. तो ऐकून आज सकाळी सहाला उठलो.

तेल ३,९००, ओ-रिंगचा संच ८५०. तेलाचे दोन्ही प्लग आणि पंपाचे बोल्ट ५ च्या एलन कीचे. ही की मी दोन आठवड्यांपूर्वी जुन्या बाजारातून इतर भंगाराबरोबर साठ रुपयांना आणली होती. ड्रेन प्लग तिने निघाला. पंपाच्या पहिल्या बोल्टवर तिच्याच कडा गोल झाल्या. ॲल्युमिनियमच्या घरात लोखंडी बोल्ट, नऊ पावसाळे खाल्लेला. तो काय साठ रुपयांना दाद देतोय. नशीब बोल्टचं डोकं शाबूत राहिलं. गॅरेजवाल्याने गंज सोडवणारा स्प्रे मारला, चाळीस मिनिटं थांबवलं, तेवढ्यात मी नऱ्ह्याच्या हार्डवेअरमधून ४५० ची चांगली की आणली. एकदा कट् आवाज आला. बोल्ट तुटला असं वाटून पोटात गोळा आला, पण सुटला होता.

पंप बाहेर आला. जाळी दिसतच नव्हती. तिच्या जागी काजळासारखा काळा, ओलसर लेप. बोटाने निपटला तेव्हा खाली जाळी असल्याचं कळलं. साधारण अर्धी तोंडं बंद. ब्रेक क्लीनरने तीनदा धुतली, उजेडाकडे धरून पाहिली. ज्या घरात पंप बसतो तिथेही तळाला तोच चिखल, तो चिंधीने टिपून घेतला. नवीन ओ-रिंग तेलाचा हात लावून, पंप सरळ आत; तिरका गेला तर रिंग कापते.

तेल सिरिंजने, वरच्या भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत. ८०० मिलीच्या थोडं वर बसलं. प्लग १५ न्यूटन मीटर. कनेक्टर लावायचा राहिला नाही ना, हे या वेळी दोनदा पाहिलं.

सगळ्या कामांत पाच तासांचं चीज झालं ते याच दिवशी. बाकी जे केलं ते डीलरने माझ्यापेक्षा नीट आणि लवकर केलं असतं. ही जाळी ९४,०७० भरूनही तशीच राहिली असती, कारण ती मागायची असते हे मलाच माहीत नव्हतं.

शनिवार, ६ डिसेंबर (वेळ २ तास)

ब्रेक ऑइल डीलरकडे. एकट्याने करायचं तर दाबाचा ब्लीडर (नळ्यांतलं जुनं ऑइल ढकलून बाहेर काढणारं यंत्र) हवा, आणि मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक. मुख्य म्हणजे इथे चूक झाली तर कळते ती ताम्हिणीच्या उतारावर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, मग तापलं की उकळतं आणि पेडल आत जातं. दर दोन वर्षांनी बदलायचंच. ऑइल १,९००, लेबर २,४००, जीएसटीसकट ५,०७४.

दुसरा फायदा: चासी नंबरवर त्यांच्या संगणकात या वर्षाची नोंद पडली. विकताना पुढचा माणूस तीच बघतो. मी केलेल्या कामांची बिलं, पार्ट नंबर आणि फोटो वेगळ्या फाइलला लावलेत.

ॲडव्हायजरने खालून गाडी बघितली. "सर, गिअरबॉक्सचं काम कुठे केलं?" मी केलं म्हटल्यावर मनगटाकडे बघून हसला. त्यांच्याकडे किती वेळ लागतो असं विचारलं. दीड तास. माझे आठ.

रविवार, ७ डिसेंबर: हिशेब

माल, चुकीचा फिल्टर आणि डीलरचं ब्रेकचं बिल धरून ४४,२४४. हत्यारं २२,३६०: वर आलेल्यांशिवाय टॉर्क रेंच ४,२००, स्कॅनर ५,५००, ३२ चा पाना, टी-२५ आणि मोठ्या एलन की मिळून १,२५०, हातमोजे-फडकी-स्प्रे १,१५०. लिफ्ट ४,५००. दंड ५००. एकूण ७१,६०४.

डीलरचं छाटलेलं एस्टिमेट ९४,०७०. म्हणजे वाचले २२,४६६. तास ३१. ताशी साधारण ७२५ रुपये मिळवले, तेही फोड अंगावर काढून. हत्यारं राहतील, त्यामुळे पुढच्या वर्षीची छोटी सर्व्हिस, नुसतं तेल आणि फिल्टर, मालाच्या किमतीत होईल. पण पहिल्याच वर्षी पन्नास टक्के वाचतात असं कुणी सांगितलं तर त्याने जॅक आणि टॉर्क रेंच शेजाऱ्याचा वापरलाय असं समजा.

पुन्हा करायचं झालं तर असं करीन: एस्टिमेटमधल्या ऐच्छिक ओळी काढून घ्यायच्या, फिल्टर, प्लग आणि इंजिन ऑइल घरी, हॅल्डेक्स जाळीसकट लिफ्टवर स्वतः, आणि गिअरबॉक्स मुकाट्याने डीलरला. ज्याला आठ तास लागले त्याने हे लिहिलंय.

रविवार, १४ डिसेंबर

पानशेतच्या रस्त्याला गेलो. धरणाच्या अलीकडे एका चढावर खडी पसरलेली असते. तिथून निघताना पूर्वी पुढची चाकं क्षणभर खरडायची आणि मग मागून ढकलल्यासारखं व्हायचं. आज खरडली नाहीत. दोनदा थांबून पुन्हा निघालो, तेच.

गाडीखाली आठवडाभर पुठ्ठा पसरून ठेवला होता. इंजिनाखाली, गिअरबॉक्सखाली, मागे, सगळीकडे कोरडा. सेक्रेटरींनीही तो येता-जाता पाहिला असणार, ग्रुपवर शांतता आहे.

पुढचं: इंजिन ऑइल नोव्हेंबर २०२६ किंवा ७४,५००, जे आधी येईल ते. हॅल्डेक्स नोव्हेंबर २०२८. गिअरबॉक्स १,२०,००० च्या आत.

तो ७६० चा चुकीचा फिल्टर माळ्यावर आहे. आधीच्या पिढीचं दोन लिटर इंजिन कुणाकडे असेल तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत. पाकीट उघडलेलं आहे. आणि येताना चासी नंबर घेऊन या.